भट्टी तापेपर्यंत

रिहानेनं माझं मनगट धरलं आणि माझ्या स्वेटरचा धागा तिच्या तळहाताला अडकला. झालं ते एवढंच. मंगळवारची सकाळ, आमच्या गेनेता वस्तीतलं भाजीचं दुकान, आम्ही दोघी कोबीच्या ढिगापाशी. तिनं हात मागे घेतला तसा धागा लांबत गेला. मग तिनंच तो दातानं तोडला, आमच्या जुन्या मुलखातल्या, तूर अब्दीनकडच्या बायका तोडतात तसा, आणि म्हणाली, "शमुनी, रविवारी येताना तो कागद आण."

"कुठला कागद?"

"अगं तो. तू आली होतीस ना माझ्याकडे, संशोधनवाल्यांचा फॉर्म घेऊन? दोन तास बसली होतीस. मी सगळं सांगितलं होतं तुला. तो."

एकोणीस वर्षं झाली त्याला. मी "बघते" म्हणाले. "बघते" हा माझा आवडता शब्द आहे, त्यात काहीच अडकत नाही. पण रिहाने हलेना. एका हातानं कोबी दाबून बघत, दुसऱ्यानं माझी बाही धरून, तिनं मला सगळं पुन्हा सांगितलं, जणू मला ठाऊकच नव्हतं. तिचा नवरा गेवरिये जानेवारीत गेला. स्टेशनामागच्या रस्त्यावरचं त्याचं पिझ्झाचं दुकान घेतलं तेव्हा त्याचे या देशात राहण्याचे कागद यायचे होते, म्हणून ते थोरल्या भावाच्या, अफ्रेमच्या नावावर घेतलं आणि तसंच राहिलं. आता अफ्रेम ते स्टॉकहोमच्या कुणा माणसाला विकायला निघालाय, या महिनाअखेर. कायद्याला विचारलं तर रिहानेचं तिथे काहीच नाही. पण आमच्यात कायद्याच्या आधी चर्चमागचा हॉल येतो. तिथे चार म्हातारे बसतात, चहा पितात आणि ठरवतात, आणि अफ्रेमसारखा माणूसही त्यांचं मोडत नाही, कारण मोडलं तर मुलांच्या लग्नांना कोण येणार? त्यांचा जुना दंडक आहे: ज्याचे हात दुकानात राबले त्याचा दुकानावर हक्क, मग पाटीवर नाव कुणाचंही असो.

"मग तूच सांग की त्यांना," मी म्हणाले.

"मी?" तिनं कोबी खाली ठेवला. "चार माणसांत बसून सांगू की मी राबत होते म्हणून? त्याच्या फोटोची काळी फीत अजून उतरली नाही, शमुनी. लोक म्हणतील, याला बायको पोसता येत नव्हती. तो ऐकतोय ना वरून. कागदानं सांगितलं तर गोष्ट वेगळी. कागदाला नवरा नसतो."

मग तिनं बारा गड्डे निवडले. एवढ्या कोबीचं आता काय करणार, हे मी विचारलं नाही. पिझ्झाबरोबर वाडगाभर कोबीची कोशिंबीर द्यायची या देशाची पद्धत आहे, आणि या गावात ती कोशिंबीर कोण चिरतं हे कुणी विचारत नाही. दुकान जानेवारीपासून बंद होतं. तिचे हात बंद झाले नव्हते.

घरी येऊन मी स्वेटरची बाही उलटी करून धागा आत ओवला आणि त्या दुपारीच तो दिवस आठवू लागला, आठवायचा नव्हता तरी. मी तेव्हा पस्तिशीची. गळ्यात संस्थेचा बिल्ला. त्या बिल्ल्याचं मला किती कौतुक होतं ते आता सांगायला लाज वाटते. आधी मी त्याच संस्थेत फरशा पुसायची. कुठून कोण येतं, आल्यावर काय करतं, काय कमावतं, सरकारवर किती भार होतं, याचा तिथे अभ्यास चाले, आणि त्या अभ्यासाचे खोडलेले मसुदे कचऱ्याच्या डब्यात पडत. मी ते घरी नेऊन शब्दकोश घेऊन वाचायची. माझं शाळेनंतरचं सगळं शिक्षण त्या डब्यातलं. एकदा त्यांनी आमच्या भाषेत केलेल्या प्रश्नावलीत मला अकरा चुका दिसल्या. मी त्या पेन्सिलीनं दुरुस्त करून आमच्या प्रमुख मार्गारेताबाईंच्या टेबलावर ठेवल्या, वर ओला स्पंज ठेवला, कागद उडू नये म्हणून. महिन्याभरात मी मुलाखती घ्यायला लागले. आमच्या लोकांमधली पहिली. मुलाखतकाराच्या पुस्तिकेतले तीन नियम मला झोपेत विचारले तरी आले असते: प्रश्न छापला आहे तसाच वाचावा, उत्तर सुचवू नये, पहिलं उत्तर जसंच्या तसं नोंदवावं.

प्रश्न चौदावा होता. मागच्या आठवड्यात तुम्ही काही काम केलंत का? रिहाने माझ्यासमोर ओट्याला टेकून उभी होती, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिच्या हातांवर मनगटापासून वरपर्यंत भाजल्याच्या आडव्या खुणा होत्या, एकीखाली एक, पट्टीनं आखल्यासारख्या. भट्टीच्या तोंडाची लोखंडी कड बरोबर तिथे लागते. काही जुन्या, पांढुरक्या. एक ताजी होती, अजून ओली. तिच्यावर टूथपेस्ट लावलेली होती. मला ती दिसली, पुदिन्याचा वाससुद्धा आला. रिहाने म्हणाली, "काम? नाही गं बाई. मी घरीच असते." आणि मी "नाही"च्या चौकोनात खूण केली. चौदाव्याला "नाही" आलं की सरळ एकतिसाव्यावर जायचं, अशी फॉर्मची रचना. मधले सोळा प्रश्न, किती तास, किती वाजल्यापासून, काही इजा होते का, सुट्टी मिळते का, मी एका झटक्यात उलटले. पान उलटताना आवाज झाला तोही आठवतो.

मग फॉर्म मिटला. पेनाला टोपण लावलं. आणि तिनं कुतले वाढले, खिमा भरलेले वाफाळते गोळे, आत भरपूर दालचिनी, आणि मी खात असताना बोलू लागली. पाचला उठते. भट्टी तापायला दीड तास लागतो, तेवढ्यात कोबी होतो, मग चीज किसायचं, रात्री मळून ठेवलेल्या पिठाचे गोळे मोजून ताटात लावायचे. अफ्रेम भावजी आल्यावर ती मागच्या दारानं निघते, कारण गिऱ्हाइकासमोर घरची बाई बरी दिसत नाही. दुपारी परत. रात्री फरशी. दोन तास ती बोलत होती आणि मी तोंडात घास घेऊन मान डोलवत होते. तेच मी लिहून घेतलं असं तिला वाटतंय. शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो, मुलाखतकारानं वेगळं काही पाहिलं असेल तर लिहायला. मी खाली उतरून बसथांब्यावर तो भरला: "सहकार्य चांगलं. स्वयंपाकघर स्वच्छ."

बुधवारी मी मार्गारेताबाईंना फोन लावला. त्या आता निवृत्त, कुठल्याशा बेटावर मधमाश्या पाळतात. मी आडून विचारलं, जुने फॉर्म असतील का कुठे. त्या हसल्या. "फॉर्म तळघरात असतील. पण कुठला कुणाचा, ती नावांची यादी दहा वर्षांनी नष्ट केली, नियमच आहे तो. का गं? कुणी मागतंय? देता येणार नाही, माहितीये ना? मुलाखत कुणाची घेतली हेसुद्धा बोलायचं नाही, सही आहे तुझी."

"माहितीये. सहज विचारलं."

"तुझे फॉर्म कसले देखणे असायचे शमुनी. शेऱ्याच्या रकान्यात बाकीच्यांचा नुसता पसारा. तुझा कधीच नाही."

मी आभार मानले. आभार मानायची सवय या देशानं लावली. फोन ठेवला तेव्हा मला आई आठवली, आणि तेही आपोआप नाही, त्या देखणेपणामुळेच. मी नऊ वर्षांची असताना सरकारी बाई आमच्या घरी आली होती, नव्या आलेल्यांची पाहणी करायला. आई तेव्हा एका कपड्यांच्या कारखान्यासाठी शर्टांची काजं करायची, दिवसाला साठ-सत्तर, पोतं पलंगाखाली. दारावर टकटक झाल्याबरोबर तिनं बोटातलं अंगुस्तान काढलं आणि मुठीत लपवलं. बाईनं विचारलं, आई काही काम करते का. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सांग, मी घरी बसते. तुझे बाबा समर्थ आहेत." मी ते स्वच्छ उच्चारात सांगितलं. बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, किती छान बोलतेस म्हणाली. मी खूश. आईची मूठ तिच्या मांडीवर तशीच, गच्च. म्हणजे रिहानेचा फॉर्म माझा पहिला नव्हता.

संस्थेचा अहवाल दोन वर्षांनी आला, पिवळ्या कव्हराचा. या समाजाच्या दहातल्या सात बायकांनी या देशात कधीच काम केलेलं नाही, असं पान बावीसवर मोठ्या टाइपात. तो खरा होता, म्हणजे फॉर्ममध्ये जे होतं तेच त्यात होतं. एकशे बारा मुलाखती माझ्या होत्या. नगरपालिकेनं वाचला, मनावर घेतला, आणि घरात बसलेल्या बायकांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग काढला. रिहानेलाही जावं लागलं. तिनं मला ते एकदा चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं होतं, हसत हसत. "अगं, एक गोड पोरगी होती, ती आम्हाला शिकवायची, सकाळी लवकर उठायची सवय कशी लावावी. वर्ग अकराचा. मी पाचला उठून कोबी-बिबी उरकून आलेली, गरम खोलीत बसलं की डोळाच लागायचा. तिनं माझ्या कागदावर लिहिलं, प्रेरणा कमी. प्रेरणा म्हणजे काय गं?" मीही हसले होते. आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून कुणीतरी शुक् शुक् केलं.

गुरुवार-शुक्रवार माझ्या मुलाखतींच्या फेऱ्या चालू होत्या. आता फॉर्म नसतो, काचेची पाटी असते, बोट लावलं की खूण होते. अभ्यासाचं नाव बदललंय, प्रश्न तोच आहे, आता तो नववा. होव्शो वस्तीतल्या एका घरात एक तरुण बाई, दमास्कसकडची, मागे दोन शिलाई यंत्रं चादरीखाली झाकलेली, म्हणाली, "मी? मी घरीच असते." माझं बोट चौकोनावर थांबलं. मग मी काय केलं? खूण केली. सवय आहे. खाली उतरताना जिन्याच्या कठड्याला धरून थोडी उभी राहिले, चक्कर वगैरे नव्हती, नुसतीच. आणि मी एकोणीस वर्षं स्वतःला देत आलेली कारणं एकेक करून पाहिली. नियम होता, हे पहिलं. ते खरं आहे. "हो" लिहिलं असतं तर उद्या करखात्यानं विचारलं असतं, कुठे काम करते, पगाराची नोंद कुठे आहे, म्हणजे मी तिला वाचवलं, हे दुसरं. तेही थोडं खरं आहे. पण मग शेऱ्याच्या रकान्यात ते भाजलेले हात न लिहून मी कुणाला वाचवलं? तिसरं कारण शुक्रवारी संध्याकाळी भांडी घासताना आलं, आणि आलं ते तव्यासारखं जड. त्या एकशे बारा घरांत मी एकटी काम करणारी बाई होते. बिल्लावाली. दर "नाही"च्या खुणेनं माझं "हो" जरा जास्त चकाकायचं. मी नळ बंद केला. हात पुसले. माझ्या हातांवर कसलीही खूण नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर रिहाने हॉलच्या दाराशी उभी होती, काळ्या कपड्यांत, पायाशी घरी भाजलेल्या गोड किलिच्यांचा डबा. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"कागद?"

"नाही."

"हरवला?"

"नाही गं. त्यात ते नाहीच. तू म्हणालीस, घरीच असते. मी तेवढंच लिहिलं."

"आणि बाकीचं? मी दोन तास सांगितलं ते?"

"तेव्हा मी फॉर्म मिटला होता. खात होते."

मी ओरडा खायची तयारी ठेवली होती, तो आला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त डबा उचलला. "कुतले बरे झाले होते ना?" तिनं विचारलं, आणि त्यात टोमणा होता की नाही हे मला आजही कळलेलं नाही. मग आम्ही आत गेलो.

लांब टेबल, प्लास्टिकचं फुलाफुलांचं आच्छादन, चहाचे छोटे पेले. चार म्हाताऱ्यांत बोलणारे एकच, बेहनान गुरुजी. त्यांनी आम्हा सगळ्यांना अक्षरं शिकवलेली, त्यामुळे अफ्रेमसुद्धा त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. अफ्रेम सत्तरीचा, धिप्पाड, चांगला सूट घातलेला. वाईट माणूस नाही तो. गेवरियेच्या आजारपणात दवाखान्यात रात्री त्यानंच काढल्या. त्यानं समोर पिवळं पुस्तक ठेवलं होतं आणि मी ते दारातूनच ओळखलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "भाऊ माझा होता. त्याला त्याचा पगार दर महिन्याला मिळाला, कधी एक दिवस उशीर नाही. रिहानेला मी उपाशी ठेवणार आहे का? घरातली आहे ती. पण दुकानावर हक्क म्हणाल तर ती कधी कामाला नव्हती. आणि हे मी नाही म्हणत." त्यानं पुस्तक उघडलं, खुणेला बसचं तिकीट घातलेलं. "हे बघा, पान बावीस. दहातल्या सात बायका, कधीच काम नाही. सरकारी संशोधन आहे. आणि मुलाखती घेतल्या कुणी? ही बसलीये, विचारा की शमुनीला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "का गं शमुनी? हिच्याकडे गेली होतीस तू?"

"ते मला सांगता येत नाही, गुरुजी. सही केलीये."

"माझ्याकडे आली होती ती," रिहाने म्हणाली. "माझी कुठे सही आहे?"

एका म्हाताऱ्याला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. गुरुजींनी चष्मा वर केला. "मग आपण हिलाच विचारू, सोपं आहे. रिहाने, बाळ, तू दुकानात काम करत होतीस का?"

मला वाटलं ती आता बोलेल. ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर वर्षात गेलेल्यांचे फोटो लावतात, त्यात गेवरिये होता, लग्नातला, मिशा कोरलेल्या. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि मूठ हळूहळू मिटत चालली होती. ती मूठ मी ओळखते. नऊ वर्षांची होते तेव्हापासून.

"नाही गुरुजी," ती म्हणाली. "मी घरीच असायचे."

अफ्रेमनं पुस्तक मिटलं. तोंडावर आनंद नव्हता त्याच्या, सुटल्यासारखा दिसत होता फक्त. गुरुजींनी साखरेचा खडा उचलला. त्या हॉलमध्ये कुणी काही लिहीत नव्हतं, तरी मला कुठेतरी पान उलटल्याचा आवाज आला, चौदावरून थेट एकतीसवर. आणि मी बोलले. माझा आवाज मला जरा मोठा वाटला.

"गुरुजी, मी एक विचारू? कामाचं नाही विचारत."

"विचार."

"रिहाने, भट्टी तापायला किती वेळ लागायचा?"

तिनं दचकून पाहिलं. "दीड तास. थंडीत पावणेदोन."

"आणि कोबी किती लागायचा?"

"बारा गड्डे. शुक्रवारी वीस."

"हे काय चाललंय?" अफ्रेम म्हणाला. "स्वयंपाकाचा वर्ग आहे का हा? भट्टीचं सगळ्या गावाला माहितीये."

"तसं नाही, भाऊ," मी त्याच्याकडे वळले. पुस्तिकेत लिहिलंय, उत्तर सुचवू नये. मी सुचवत नव्हते, मी फक्त पुढचा प्रश्न विचारत होते, जो तेव्हा उलटला होता. "तुम्ही सकाळी दुकानात किती वाजता जायचात?"

"दहाला. एवढी वर्षं, दहाला."

"भट्टी लावायला?"

"भट्टी लावायला कशाला?" तो वैतागला. "थंड भट्टीसमोर उभा राहून मी काय करू? तापलेली असायची ती, कोबी झालेला असायचा, गोळे लावलेले असायचे. मी शटर वर करायचो."

गुरुजींनी खडा परत बशीत ठेवला. "आणि गेवरिये?" त्यांनी विचारलं.

"गेवरिये रात्री दोनपर्यंत दुकानात, तो कुठला उठतोय सकाळी..." आणि अफ्रेम तिथेच थांबला. त्यानं पुस्तक पुन्हा उघडलं, पान बावीस काढलं आणि त्याकडे पाहत राहिला, जणू मधल्या कुठल्या ओळीत लिहिलेलं असेल, की भट्टी कोण तापवत होतं ते. चहा निवत होता. बाहेर अंगणात प्रार्थनेला आलेल्या लोकांच्या गाड्या एकेक सुरू होऊन निघत होत्या.

तेव्हा रिहाने बोलली, मान वर न करता, त्याला वाढताना बोलत असेल अशा साध्या आवाजात.

"साडेदहा, भावजी. दहाला तुम्ही एक दिवससुद्धा आला नाहीत. मी मागच्या दाराशी चपला घालून वाट बघत असायचे."

गुरुजी अफ्रेमकडे वळले. मग म्हणाले, "त्या स्टॉकहोमवाल्याला फोन कर. म्हणावं, थांब. तिच्याशिवाय आता काही ठरायचं नाही." अफ्रेमनं खिशातून फोन काढला, चष्मा शोधला, आणि नंबर लावत बाहेर गेला. दारातून त्यानं वळून रिहानेकडे पाहिलं. रागानं नाही. "सव्वादहा असेल कधीतरी," तो म्हणाला.

"कधीच नाही," रिहाने म्हणाली, आणि किलिच्यांच्या डब्याचं झाकण काढलं.

गुरुजी मला म्हणाले, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं, उद्या पुन्हा वाद नको. माझ्याकडे फॉर्म नव्हता. पिशवीत वाणसामानाची यादी होती, तिची मागची बाजू कोरी होती. रिहानेनं माझ्यापुढे किलिचे सरकवले. मी खाल्ले नाहीत. पेनाचं टोपण काढलं, तिचं नाव पूर्ण लिहिलं, आणि त्याखाली तिचं उत्तर, जसंच्या तसं: साडेदहा.